छिद्रे चुकलेली टपाल तिकिटे : पार्श्वभूमी

६ मे १८४० पासून ब्रिटनमध्ये वापरात आलेल्या पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाला छिद्रे नव्हतीच. २४० तिकिटांचा ताव कात्रीने कापून सुटी तिकिटे विकली जात. १८५२ चे 'सिंध डाक' आणि १८५४ साली कलकत्त्यात छापलेली तिकिटेही बिनछिद्रांची. त्यांना चूक म्हणता येत नाही, आणि नवखे संग्राहक नेमके इथेच फसतात.

छिद्रांचे यंत्र हेन्री आर्चरचे. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या या आयरिश गृहस्थाने १८४७ मध्ये ते टपाल खात्यापुढे मांडले. आधी पात्यांनी कागदाला चिरा पाडून पाहिल्या, ते साधेना. मग ओळीने बसवलेल्या खिळ्यांनी भोके पाडायची रीत जमली. १८५३ मध्ये सरकारने ४,००० पौंड मोजून पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी छिद्रांची पेनी रेड तिकिटे टपाल कचेऱ्यांत आली.

चुकाही तेव्हापासूनच्या. ही तिकिटे ओलसर कागदावर छापत. वाळताना ताव कमी-जास्त आकसे, खिळ्यांची रांग मात्र ठरल्या अंतराचीच. मग छिद्रे राणीच्या चित्रात घुसत. सुरुवातीला दोन सेंटिमीटरमध्ये १६ छिद्रे होती. ताव हाताळतानाच सुटू लागले, म्हणून १८५५ मध्ये ती १४ वर आणली.

भारतासाठी छिद्रांची तिकिटे १८५५ पासून लंडनची डी ला रू कंपनी छापू लागली. १९२६ पासून हे काम नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे आले. कंगव्याच्या घडणीचे यंत्र एका ठोक्यात तिकिटांच्या अख्ख्या ओळीला तीन बाजूंनी छिद्रे पाडते. ठोका हुकला तर ती ओळ त्या तिन्ही बाजूंनी कोरी राहते. दोनदा पडला तर दुहेरी छिद्रे.

असा ताव तपासणीत बाद होऊन नष्ट व्हायला हवा. तो नजरेतून सुटून टपाल खिडकीवर विकला गेला, तरच मी त्याला अस्सल चूक मानतो. छापखान्यातून बाहेर पडलेली रद्दी कितीही देखणी असली तरी त्या तोलाची नाही. सुटे 'इम्परफ' (बिनछिद्रांचे) तिकीट तर घेऊच नये: रुंद कडेच्या चांगल्या तिकिटाची छिद्रे कापून ते कुणालाही बनवता येते. निदान जोडी हवी, कारण दोन तिकिटांमधली कोरी जागा कात्रीने तयार करता येत नाही.