खुलासा: दुखत नाही म्हणून गाठ साधी नसते

‘स्तनातली गाठ दुखत नसेल तर काळजी नको, कॅन्सरची गाठ दुखतेच’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. खरं जवळपास उलट आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. पाळीआधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात ते बहुधा हार्मोन्समुळे, आणि पाळी झाली की ओसरतं. दुखणारी गाठही अर्थात दाखवायचीच.

घरी बघायचं तर पाळी संपल्यावर ३-४ दिवसांनी. पाळी कायमची गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. आंघोळीत साबणाच्या हातानं, मधल्या ३ बोटांच्या पेरांनी छोटे गोल फिरवा. आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत जा. काखही तपासा, ती हमखास राहून जाते. चिमटीत धरू नका, मग सगळंच गाठीसारखं लागतं. कातडीला खळी, स्तनाग्र नव्यानं आत ओढलेलं किंवा रक्ताळ स्राव, हेही आरशात बघा.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते बोटांनी ठरत नाही. डॉक्टरांची तपासणी, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईनं तुकडा काढून तपासणी, यांचा मेळ घालूनच निदान होतं.