‘शेक’ घेतलेल्या आजोबांना वेगळे का ठेवता?

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगासाठी ‘शेक’ म्हणजे किरणोपचार घेऊन आलेल्या आजोबांच्या अंगातून किरणे निघतात, या समजापोटी खान्देशात अजूनही काही घरांत त्यांची खाट ओट्यावर वेगळी टाकतात आणि नातवंडांना दूर ठेवतात, हे फार क्लेशदायक आहे. बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद होताच थांबतात. अंगात काहीही उरत नाही. (ग्रंथीत किरणोत्सर्गी बीजे कायमची बसवली असतील, तरच काही काळ लहान मुले व गर्भवतींपासून अंतर राखावे लागते.) सात-आठ आठवडे जळगाव-धुळ्याला खेटे घालावेच लागतात, हेही आता सर्वांना लागू नाही: ब्रिटनमधील एका चाचणीत २०१६ साली ३७ ऐवजी २० सत्रे तितकीच परिणामकारक ठरली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एका चाचणीत निवडक रुग्णांत पाचसुद्धा.