तोच दिवस, किती वेळा? टाइम लूप कथांमागची गोष्ट

टाइम लूपचा, म्हणजे पात्र एकाच दिवसात किंवा तासात अडकून तो पुन्हा पुन्हा जगतं अशा कथांचा, विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एकाला तोच प्रसंग चौथ्यांदा सुरू झाला की जांभई येते, दुसऱ्याला नेमकी तिथेच मजा वाटू लागते. या वादाने प्रेक्षकांच्या आधी लेखकांना छळलं आहे. दिवस पुन्हा उगवतो एवढं सांगायला एक वाक्य पुरतं. तो पुन्हा दाखवायचा किती आणि कात्री कुठे लावायची, यावर हा कथाप्रकार शंभरेक वर्षं डोकं लढवतो आहे.

मूळ कल्पना सिनेमापेक्षा जुनी. हेच आयुष्य, बारीकसारीक तपशिलासह, अनंत वेळा जगावं लागलं तर, असं जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८२ मध्ये विचारलं होतं. पण मागच्या खेपेची आठवण त्यात नव्हती, त्यामुळे प्रश्न जबरदस्त असला तरी त्यातून गोष्ट उभी राहत नव्हती. १९१५ मध्ये रशियन लेखक उस्पेन्स्कीने ती उणीव भरून काढली. त्याचा इव्हान ओसोकिन एका जादूगाराला विनवून बारा वर्षं मागे जातो, पुढे काय होणार हे ठाऊक असतं, तरीही ये रे माझ्या मागल्या. अमेरिकन लेखक रिचर्ड लुपॉफने १९७३ मध्ये ‘१२:०१ पी.एम.’ या लघुकथेत पट्टा आणखी आवळला. त्याच्या नायकाच्या वाट्याला दुपारचा एकच तास येतो, संपला की पुन्हा बाराला एक मिनिट. सुटका नाही. कागदावर हे चाललं, कारण झालेला तास लेखक दोन ओळींत उरकू शकतो. कॅमेऱ्याला ती सोय इतक्या सहजी मिळत नाही.

याचा कस १९९२ मध्ये ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळयानावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या ‘कॉज अँड इफेक्ट’ या भागात लागला. शीर्षकं यायच्या आधीच अख्खं यान स्फोटात उडतं आणि मग तोच पत्त्यांचा डाव, तेच संवाद, तोच स्फोट. अडचण अशी की इथे पात्रांना काही आठवत नाही. प्रेक्षकाला सगळं माहीत आणि पडद्यावरचे अनभिज्ञ, ही कंटाळ्याची सगळ्यात सोपी वाट. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्सने आधीचं चित्रीकरण परत वापरलं नाही. प्रत्येक फेरा वेगळ्या कोनांतून नव्याने चित्रित केला. शिवाय पात्रांना हळूहळू ‘हे आधी घडलंय’ अशी कुणकुण लागते आणि पत्ते वाटायच्या आधीच ती ओळखू लागतात. लहानपणीच्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही कावळा प्रत्येक वेळी तेच विनवतो, पण आतून येणारी सबब दरवेळी वेगळी असते म्हणून मूल कान देऊन ऐकतं. हा भाग तसाच तग धरतो.

पुढच्याच वर्षी ‘ग्राउंडहॉग डे’ हा सिनेमा आला आणि कात्रीचं व्याकरण पक्कं झालं. त्यातला बारमधला प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकाच दिवसात अडकलेला नायक फिल त्याला आवडणाऱ्या रीटाला विचारतो, काय घेणार, कशासाठी प्यायचं. उत्तर कळलं की पुढच्या फेऱ्यात तेच पेय स्वतःच मागवतो आणि जागतिक शांततेसाठी ग्लास उंचावतो. दोन फेऱ्यांमधला अख्खा दिवस गाळलेला. पुढे रीटाच्या थपडाही अशाच एकामागोमाग येतात. थप्पड आली म्हणजे दिवस फुकट गेला, एवढं समजायला प्रेक्षकाला बाकी काही लागत नाही. पटकथाकार डॅनी रुबिनच्या मूळ मसुद्यात तर फिल सुरुवातीपासूनच लूपमध्ये अडकलेला होता. प्रेक्षक गोंधळतील म्हणून सिनेमात पहिला, साधा दिवस आधी आला. स्टुडिओला लूपचं कारणही हवं होतं, एका शापाचा प्रसंग लिहिलाही गेला, पण सुदैवाने तो पडद्यावर पोचला नाही.

उलट टोकाचा प्रयोग जपानमध्ये झाला. ‘हारुही सुझुमिया’ या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिकेने २००९ मध्ये ‘एंडलेस एट’ नावाखाली सुट्टीच्या शेवटच्या दोन आठवड्यांचं तेच कथानक सलग आठ भागांत दाखवलं, म्हणजे प्रेक्षकाची दोन महिने परीक्षा. मूळ पुस्तकात ही एक लघुकथा आहे आणि फक्त शेवटचा फेरा सांगते. अ‍ॅनिमेत मात्र प्रत्येक भाग नव्याने रंगवला, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले, कपडे आणि कोन बदलले. पण घडत काहीच नव्हतं. दर आठवड्याला पहिले पाढे पंचावन्न. चाहते खवळले. यात युकी नागातो हे एकटंच पात्र पंधरा हजारांहून अधिक फेरे लक्षात ठेवून गप्प बसलेलं असतं आणि तिचा शीण प्रेक्षकाने भोगावा हा हेतू समजतो. समजतो म्हणून आठही भाग बघवतात असं नाही. मला तिसऱ्या-चौथ्यातच मुद्दा पोचला होता.

मधल्या काळात व्हिडिओ गेमने प्रेक्षकाचीच सवय बदलली होती. हरलं की त्याच पातळीच्या सुरुवातीला परत जायचं, शत्रू कुठून येतो हे पाठ करून पुढे सरकायचं, हे लाखो लोकांच्या बोटांत बसलं. सन २००० च्या ‘माजोराज मास्क’ या गेममध्ये तर खेळाडूच तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा खेळतो. हिरोशी साकुराझाकाची २००४ मधली ‘ऑल यू नीड इज किल’ ही कादंबरी याच मुशीतली. तिचा सैनिक नायक फेऱ्याचा आकडा रोज हातावर लिहितो. तिच्यावर बेतलेल्या ‘एज ऑफ टुमॉरो’ या सिनेमाने २०१४ मध्ये आणखी एक खेळी केली. एका पडक्या शेतघरात नायक सोबतच्या सैनिक रीटाला (ही रीटा वेगळी) कॉफी करून देतो. हा प्रसंग आपण पहिल्यांदाच पाहत असतो, पण तिला तीन चमचे साखर लागते हे त्याला आधीच ठाऊक असतं. मागचे किती फेरे दिग्दर्शकाने आपल्यापासून दडवले, हे तिला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. पुनरावृत्ती पूर्णपणे पात्राच्या गळ्यात, प्रेक्षक नवाच. पात्र आपल्यापुढे चार पावलं असलं की तोच दिवस कितीही वेळा चालतो, मागे पडलं की दुसऱ्यांदाही जड जातो, असं माझं मत बऱ्याच अंशी या एका प्रसंगावरून बनलं आहे.

२०२० च्या ‘पाम स्प्रिंग्ज’ या सिनेमात पडदा उघडतो तेव्हा नायक लूपमध्ये केव्हाचाच मुरलेला असतो. साधा, पहिला दिवस कुणी दाखवत नाही. रुबिनला सुरुवात हीच हवी होती. ती चालायला प्रेक्षक तयार व्हावा लागला आणि त्यात सत्तावीस वर्षं गेली.