आदुरिझ आणि होसेलू: उशिरा बहरलेला कोण, उशिरा दिसलेला कोण?

स्पेनमध्ये तिशी ओलांडलेला एखादा स्ट्रायकर गोलांचा सपाटा लावू लागला की 'उशिरा बहरला' असं म्हणून समालोचक मोकळे होतात. आरित्झ आदुरिझबद्दल हेच म्हटलं गेलं, होसेलूबद्दलही हेच. आणि वरवर पाहिलं तर दोघांत गल्लत होणं साहजिक आहे. दोघंही जुन्या वळणाचे नऊ नंबरी: गोलपोस्टच्या आसपास घुटमळणारे, हवेतल्या चेंडूवर तुटून पडणारे, ड्रिब्लिंगच्या फंदात न पडणारे. दोघंही बरेच क्लब फिरून आले. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या स्पॅनिश खेळाडूला मिळणारा 'झारा' पुरस्कार दोघांनी मिळवला तो तिशीनंतरच, आणि स्पेनच्या लाल जर्सीत दोघं खऱ्या अर्थाने दिसले ते बाकीचे निवृत्तीचा विचार करतात त्या वयात.

तरी माझ्या मते या दोन कारकिर्दींना एकाच खणात ठेवणं चूक आहे. एकाचा खेळ खरोखर उशिरा वाढला. दुसऱ्याचा खेळ बराचसा होता तसाच होता, लोकांची नजर तिकडे उशिरा गेली.

आधी आदुरिझ. जन्म 11 फेब्रुवारी 1981, सान सेबास्तियानचा. अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब फक्त बास्क प्रांतातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो, हे फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक असतंच. या गोष्टीत तो नियम फार महत्त्वाचा आहे. आदुरिझ या क्लबच्या दुय्यम संघातून वर आला, 2002 मध्ये मुख्य संघातून जेमतेम पदार्पण केलं आणि मग सोडून दिला गेला. बुर्गोस, वायादोलिद असं खालच्या विभागांत खेळत 2005-06 च्या मध्यात तो परत आला. गोल करत होता, पण उंचापुरा तरुण फर्नांडो योरेंते तेव्हा पुढे येत होता. 2008 मध्ये क्लबने आदुरिझला मायोर्काला विकलं. तिथून तो 2010 मध्ये वॅलेन्सियाला गेला. तिथेही स्ट्रायकर सोल्दादोच्या सावलीत बराच काळ बाकावर.

इथवरचे लीगमधले गोल पाहा. मायोर्कात 11 आणि 12, वॅलेन्सियात 10 आणि 7. वाईट म्हणता येणार नाहीत, पण कुणी पोस्टर छापावं असेही नाहीत. 2012 च्या उन्हाळ्यात तो 31 वर्षांचा होता आणि आदल्या मोसमात फक्त 7 गोल. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या क्लबने अशा खेळाडूकडे ढुंकून पाहिलं नसतं. बिल्बाओने त्याला सुमारे 25 लाख युरोंत तिसऱ्यांदा घरी आणलं, कारण त्यांच्यासाठी बाजारच तेवढा. जगभरातून पाहिजे तो स्ट्रायकर उचलायची मुभा असती तर आदुरिझचा फोन कधी वाजला असता का, मला शंका आहे. वर योरेंतेने करार वाढवायला नकार दिला होता, तो क्लब सोडणार हे उघड होतं. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साने योरेंतेला बाकावर बसवलं आणि जागा रिकामी झाली.

पुढचे पाच मोसम लीगमध्ये 14, 16, 18, 20 आणि पुन्हा 16. वयाच्या 32 व्या वर्षापासून 36 व्या वर्षापर्यंत एकूण 84 गोल, तेही ओळीने चार वर्षं चढत्या भाजणीत. मला याहून वेगळा पुरावा लागत नाही. जागा मिळाली म्हणून गोल वाढले असं म्हणायचं तर पहिल्या वर्षीच आकडा फुगून तिथेच थांबला असता. इथे तो दरवर्षी वाढत गेला, म्हणजे माणूस शिकत होता.

काय शिकला? 2013 मध्ये एर्नेस्तो वाल्वेर्दे प्रशिक्षक म्हणून आला. त्याचा संघ दोन्ही बगलांतून चेंडू आत टाकत असे. सुसाएता आणि दे मार्कोस उजवीकडून, डावीकडून बालेंझियागा, शिवाय बेन्यातच्या फ्री किक. आदुरिझची उंची 1.82 मीटर, म्हणजे सेंटर बॅकच्या तुलनेत काहीच नाही. पण त्याची उडी वेळेवर असे. बचावपटू चेंडूकडे पाहत असताना हा पठ्ठ्या बचावपटूकडे पाहत असे. आधी दोन पावलं मागे सरकायचं, त्याच्या पाठीमागे दिसेनासं व्हायचं आणि चेंडू यायच्या क्षणभर आधी उडी मारून हवेत थांबायचं. बचावपटू उडतो तोवर हा वर पोचलेला. वेग हे ज्याचं भांडवलच नव्हतं, त्याचं वयाने फार काही हिरावून घेतलं नाही. उलट वेळ साधायची कला वर्षागणिक मुरत गेली.

2015-16 हा मोसम म्हणजे कळस. 14 ऑगस्ट 2015 ला सान मामेसवर, बिल्बाओच्या घरच्या मैदानावर, स्पॅनिश सुपर कपचा पहिला सामना. समोर बार्सिलोना, त्या वर्षी तीन मोठे किताब जिंकून आलेला. सान होसेने जवळजवळ मध्यरेषेवरून पहिला गोल मारला आणि मग आदुरिझची हॅट्ट्रिक: 4-0. परतीच्या सामन्यात कॅम्प नोऊवर 1-1, बिल्बाओचा गोल पुन्हा त्याचाच. 1984 नंतर क्लबच्या हाती आलेला हा पहिला किताब. त्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून 36 गोल, त्यांपैकी 10 युरोपा लीगमध्ये, तिथेही सर्वाधिक. पुढच्या नोव्हेंबरमध्ये गेंकविरुद्ध 5-3 असा सामना झाला आणि बिल्बाओचे पाचही गोल एकट्या आदुरिझचे. त्यांतल्या तीन पेनल्टी होत्या हे खरं, पण युरोपा लीगच्या एका सामन्यात पाच गोल त्याच्याआधी कुणी केले नव्हते.

स्पेनसाठी त्याचा पहिला सामना ऑक्टोबर 2010 मध्ये लिथुआनियाविरुद्ध. दुसरा कधी? मार्च 2016, उदिनेमध्ये इटलीविरुद्ध. मध्ये साडेपाच वर्षं. त्या दुसऱ्या सामन्यात त्याने गोल केला आणि युरो 2016 च्या संघात गेला. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला मॅसेडोनियाविरुद्ध गोल करून, वय वर्षं 35 आणि 275 दिवस, तो स्पेनसाठी गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. आधीचा विक्रम 1930 पासून चालत आला होता.

आता होसेलू. जन्म 27 मार्च 1990, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा, आईवडील गॅलिसियाचे. सेल्ताच्या अकादमीतून रेयाल माद्रिदच्या दुय्यम संघात आला. मे 2011 मध्ये अल्मेरियाविरुद्धच्या 8-1 च्या सामन्यात बेंझेमाच्या जागी उतरला आणि रोनाल्डोच्या पासवर लगेच गोलही केला. म्हणजे 21 व्या वर्षी सान्तियागो बेर्नाबेऊवर गोल. आदुरिझ त्या वयात खालच्या विभागांच्या वाटेवर होता. होसेलूची सुरुवात कुठल्याही अंगाने उशिराची नव्हती.

त्यानंतर मात्र वणवण. हॉफेनहाइम, फ्रँकफर्ट, हॅनोवर, स्टोक, उसनवारीवर देपोर्तिवो, न्यूकॅसल. जर्मनी आणि इंग्लंडमधल्या सहा मोसमांत लीगमध्ये दहाचा आकडा त्याने एकदाही गाठला नाही. 2019 मध्ये अलावेसला आला आणि पहिल्याच वर्षी 11, मग परत 11, मग 14. 2022-23 मध्ये एस्पान्योलकडून 16. आता कुणी म्हणेल, हाही चढताच आलेख आहे, मग फरक तो काय? प्रश्न रास्त आहे. फरक संघात दडलेला आहे. 2021-22 मध्ये अलावेसचे अख्ख्या मोसमातले गोल तीसेक, त्यातले 14 याचे. तो संघ खालच्या विभागात घसरला. पुढच्या वर्षी एस्पान्योलही घसरला. बुडत्या जहाजांवर बसून दोनदा दोन आकडी गोल करणाऱ्याला बातम्यांत जागा मिळत नाही. पहिल्या दोन-तीन ठिकाणी तो बरेचदा बाकावर असे. अलावेसमध्ये तो मुख्य स्ट्रायकर झाला आणि पेनल्टीही त्याच्याकडेच आल्या. खेळण्याची मिनिटं वाढली तसे गोल वाढले. खेळाची रीत तीच राहिली: पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवणं, उंचीचा फायदा उठवणं (तो 1.90 मीटरच्या वर आहे), गोलसमोर पडेल ते काम करणं.

मग 25 मार्च 2023. मालागामध्ये नॉर्वेविरुद्ध स्पेनसाठी पदार्पण, 33 वा वाढदिवस दोन दिवसांवर. 81 व्या मिनिटाला उतरला आणि जेमतेम दोन मिनिटांच्या अंतरात दोन गोल. त्या उन्हाळ्यात बेंझेमा अचानक सौदी अरेबियाला निघून गेला. माद्रिदचा डोळा एम्बापेवर होता, तो मिळणार एका वर्षाने. मधल्या वर्षासाठी स्वस्तातला, गुपचूप काम करणारा माणूस हवा होता, म्हणून होसेलू उसनवारीवर परत आला. माद्रिदचा बचावपटू कार्वाहाल त्याचा साडू, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये ओळखपाळख करायची गरजच नव्हती.

8 मे 2024 चा चॅम्पियन्स लीगमधला बायर्न म्युनिकविरुद्धचा उपांत्य सामना ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. डेव्हिसच्या गोलने बायर्न पुढे, त्यांचा गोलरक्षक नॉयरने रात्रभर सगळं अडवलेलं. 81 व्या मिनिटाला होसेलू आत. 88 व्या मिनिटाला विनिसियसचा साधासा फटका नॉयरच्या हातून निसटला आणि होसेलू तिथे होता. तीनच मिनिटांत र्‍युडिगरने डावीकडून चेंडू आत ढकलला, होसेलूने पाय लावला. पंचाचा झेंडा ऑफसाइडसाठी वर, मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पंचाने, गोल दिला. पहिला गोल नुसता नशिबाचा, असं त्या रात्री बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. नॉयरच्या हातून चेंडू सुटेल यावर कोण विश्वास ठेवतो? जो दहा वर्षं कमकुवत संघांतून खेळला, ज्याला एका सामन्यात एखादीच संधी मिळायची, तो ठेवतो. 2022 ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होसेलूने पॅरिसमध्ये प्रेक्षकांत बसून पाहिली होती. दोन वर्षांनी तो विजेत्या संघात होता, आणि त्याच उन्हाळ्यात युरो जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातही.

दोघांमधला फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे. गोल वाढले तेव्हा खेळाडूच्या भोवतालचं काय बदललं ते आधी पाहायचं. क्लब, प्रशिक्षक, मिनिटं, पेनल्टी, सोबतचे खेळाडू. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, ती त्याची स्वतःची वाढ. आदुरिझच्या बाबतीत वाल्वेर्देचे क्रॉस वजा केले तरी बरंच उरतं, कारण वाल्वेर्दे येण्याच्या आधीच्या मोसमातच तो 14 वर पोचला होता. होसेलूच्या बाबतीत कमी उरतं. शून्य नाही, पण कमी. यात होसेलूचा अपमान नाही. उलट इतकी वर्षं त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, हा दोष क्लबांच्या निवडकर्त्यांचा.

गोव्याच्या फुटबॉलवेड्यांना इथे एक तिसरा माणूस आठवला असेल: फेरान कोरोमिनास, आपला कोरो. त्यालाही 'पस्तिशीत बहरला' म्हणायची पद्धत पडली. एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगमध्ये 2017-18 मध्ये 18 गोल, पुढच्या वर्षी 16, त्यानंतर 14. पहिल्या मोसमात बंगळुरू आणि केरळ यांच्याविरुद्ध लागोपाठ दोन हॅट्ट्रिक. फातोर्डाचं स्टेडियम त्याच्या नावाने दणाणायचं. पण एस्पान्योलमध्ये असताना तो बरेचदा विंगवर खेळायचा. तिथे त्याचं नाव कायम राहिलं ते 2006 मधल्या एका गोलमुळे: शेवटच्या सामन्यात, भरपाई वेळेत, ज्याने क्लबची घसरण टळली. गोव्यात प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने त्याला मध्यभागी आणलं. समोरचे बचावपटू ला लीगातल्यांइतके (म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमधल्यांइतके) तयार नव्हते, आणि कोरोचं डोकं मात्र ला लीगातच तयार झालेलं होतं. त्याचा आनंद आम्ही घेतला आणि पुन्हा घेऊ, पण त्याला आदुरिझच्या रांगेत बसवता येत नाही. तिथे मैदान बदललं होतं.

आदुरिझचा शेवटही त्याच्या बहराला साजेसा झाला, निदान अर्धा तरी. हा आपला शेवटचा मोसम हे त्याने 2019 च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं. 16 ऑगस्टला बार्सिलोनाविरुद्ध सलामीचा सामना, 0-0. 88 व्या मिनिटाच्या सुमारास तो उतरला. मिनिटभरात कापाचा उजवीकडून क्रॉस आला आणि 38 वर्षांच्या या माणसाने पाठ गोलकडे ठेवून हवेतच उलटी किक मारली. बार्सिलोनाचा गोलरक्षक टेर स्टेगन हलायच्या आत चेंडू जाळ्यात. उरलेलं वर्ष मात्र खुब्याच्या दुखण्याने खाल्लं. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा बसवायला सांगितलं आणि मे 2020 मध्ये, कोविडने पुढे ढकललेली कोपा देल रेची अंतिम लढत खेळायची राहिली असतानाच, त्याने बूट काढले.

सध्याचा अवघड दाखला अयोझे पेरेझचा. न्यूकॅसलमध्ये तो होसेलूचा सहकारी होता. स्पेनसाठी तिशीत पदार्पण, जून 2024 मध्ये अँडोराविरुद्ध, गोलसह. मग व्हियारेयालकडून 2024-25 मध्ये लीगचे 19 गोल. पण न्यूकॅसलमध्येच, 25 व्या वर्षी, त्याने प्रीमियर लीगमध्ये 12 गोल केले होते, आणि त्यानंतरची चार-पाच वर्षं लेस्टर आणि बेतिसमध्ये आकडे खाली गेले. म्हणजे तो आधी एकदा वर येऊन गेलेला माणूस आहे. तेव्हा मी त्याला आदुरिझच्या बाजूला ठेवणार नाही, होसेलूच्याही नाही. वाचकांपैकी कुणाला तो आदुरिझच वाटत असेल तर त्यांनी व्हियारेयालचे पुढचे दोन मोसम पाहावेत: 19 नंतर काय होतं, यावर बरंच ठरेल.