झडीतला ड्रायर आणि पडद्यावरचा आकडा

झड लागून चौथा दिवस होता. ओसरीत, माजघरात, पलंगाच्या दांड्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर, जिथं पाहावं तिथं बाळाची दुपटी आणि लंगोट टांगलेले, आणि सगळ्यांना तोच कुबट वास. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात आम्ही कपडे वाळवायचा ड्रायर घेतला होता. आता धाकटी बाळंतपणाला आलेली, आणि नेमका त्याच रात्री तो बंद पडला. बटण दाबलं, ड्रम दोन वेढे फिरला, बीप वाजला, पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा आला आणि सगळं थांबलं.

"काय म्हनते रे ते?" आईनं विचारलं.

माहितीपुस्तिकेत त्या आकड्यापुढं लिहिलं होतं: तापमान सेन्सर. वॉरंटी संपलेली. अमरावतीच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं, की सेन्सर बदलावा लागेल आणि पाऊस उघडल्याशिवाय दर्यापूरकडं येणं जमणार नाही. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी हे पाहायला हवं, की यंत्राला दिसतं तरी काय.

ड्रायरचं काम तसं साधं आहे. हवा गरम करायची, ती ओल्या कपड्यांतून फिरवायची आणि वाफ घेऊन बाहेर सोडायची. 25 अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त 23 ग्रॅमच्या आसपास वाफ सामावू शकते. झडीत ती आधीच जवळजवळ भरलेली असते, म्हणून दोरीवरचं दुपटं चार दिवस तसंच राहतं. हीच हवा 60 अंशांपर्यंत तापवली की एका घनमीटरमध्ये 130 ग्रॅम वाफ मावते. आई शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी वाळवते, तेही याच नियमानं. फक्त बंद खोलीत, बाळंतिणीजवळ कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

पाण्याची वाफ करणं मात्र स्वस्त नाही. एक किलो पाणी कपड्यांतून उडवायला सुमारे 2400 किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेचं सुमारे दोन तृतीयांश युनिट. तीन किलो सुती कपडे मशीनमधून पिळून काढले तरी त्यांत दोन किलोच्या आसपास पाणी उरतं. म्हणून ड्रायरचा हीटर दोन हजार वॅटच्या घरातला असतो, आणि एवढा हीटर सुती कपड्यांशेजारी चालवायचा तर त्याच्यावर डोळा ठेवणारं काहीतरी हवं. तो डोळा म्हणजे थर्मिस्टर: हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा, दोन तारा लावलेला. तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. आतल्या सर्किटला तेवढंच कळतं. ते पाच व्होल्टचा दाब एका ठरावीक रोधात आणि या तुकड्यात वाटून देतं आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट आले ते मोजतं. त्यावरून अंश ठरतात.

आता समजा, तारच तुटली. मग प्रवाह नाही, म्हणजे रोध अमर्याद, आणि सर्किटच्या हिशेबानं रोध जास्त म्हणजे थंडी जास्त. भर जुलैत वऱ्हाडातल्या घरात त्या यंत्राला ध्रुवावरची थंडी दिसू लागते. हे शक्य नाही एवढं त्याच्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं, म्हणून ते हीटर लावतच नाही आणि आकडा दाखवतं. "सेन्सर बिघडला" हा आपण त्यावरून काढलेला अर्थ. यंत्र फक्त म्हणतं, की मला मिळालेला आकडा खरा असू शकत नाही.

यातून घरच्या घरी करायची सगळ्यात उपयोगाची तपासणी निघते: आकडा कधी येतो ते घड्याळ लावून पाहा. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. लगेच, हवा तापायच्या आत तोच आकडा आला तर दोष बहुतेक तारेत, जोडणीत किंवा सेन्सरमध्ये. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग आला तर सेन्सर बहुतेक खरंच सांगतोय. अशा वेळी कपड्यांचे तंतू अडवणारी जाळी पाहा, हवा बाहेर सोडणारी नळी दबली आहे का पाहा. मात्र आकड्याचा अर्थ स्वतःच्याच मॉडेलच्या पुस्तिकेत शोधा. एकाच आकड्याचा अर्थ दोन कंपन्यांच्या यंत्रांत वेगवेगळा असतो, म्हणून मी इथं आमचा आकडा लिहिलेला नाही.

आमच्याकडं तो तिसऱ्या सेकंदाला आला.

सकाळी प्लग काढून, भिंतीपासून यंत्र ओढून, गावातल्या वायरमनदादांना बोलावून मागचं झाकण उघडलं. दादांनी आधी मल्टिमीटर लावून आत कुठं दाब शिल्लक आहे का ते पाहिलं, कारण मोटरचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही थोडा वेळ भरलेला राहू शकतो. मग थर्मिस्टरची जोडणी काढून त्याच्या दोन्ही टोकांना मीटरच्या काड्या लावल्या. मीटरवर पावणेनऊ हजार ओम आले. या जातीचे बरेच थर्मिस्टर 25 अंशाला दहा हजार ओमचे असतात, आणि खोलीत त्या दिवशी 28 अंश होते. म्हणजे हिशेब जुळत होता. मी तो दाणा मुठीत धरला. आठ हजार दोनशे, सात हजार आठशे, सात हजार तीनशे... मीटरवरचे आकडे हळूहळू उतरत गेले आणि पावणेसात हजारांपाशी थांबले. माझ्या तळहाताची ऊब त्याला बरोबर कळली होती. सेन्सर ठणठणीत होता.

"मंग वायर पाहू," दादा म्हणाले.

हातभर अंतरावरच उंदरानं तार कुरतडून तोडलेली होती. तांबं दिसत होतं आणि खाली प्लॅस्टिकचा चुरा पडलेला. पावसात शेतातले उंदीर घरात शिरतात, आणि यंत्राच्या पाठीमागं कोरडी, उबदार जागा त्यांना मिळते. दादांनी तार नव्यानं जोडून झाळली, वर तापमान सोसणारी नळी चढवली. भाग एकही बदलावा लागला नाही.

उघडलंच होतं म्हणून पंख्याभोवतीचा कचराही काढला. सुती कपड्यांतून सुटलेले तंतू, करड्या रुईसारखे, मूठभर निघाले. आपल्या भागात रुई किती पटकन पेटते हे जिनिंगच्या आवारात वावरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हीच रुई हवेची वाट अडवते, हीटरची उष्णता अडकून राहते, आणि मग तिथला थर्मल फ्यूज वितळतो. हा फ्यूज एकदाच कामाला येतो. तो गेला की काही जण सरळ तार जोडून देतात. तसं कधीही करू देऊ नका. आग लागण्याआधीचा तो शेवटचा अडसर आहे. जाळी मात्र प्रत्येक वेळी कपडे काढले की लगेच साफ करावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

गावात आणखी एक गोष्ट हमखास आड येते: व्होल्टेज. हीटरची ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे (दाब गुणिले दाब) बदलते. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले तर दोन हजार वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटच देतो. कपडे वेळेत वाळत नाहीत, आणि काही यंत्रं त्यावरही आकडा दाखवतात. अशा वेळी हीटर बदलण्याआधी सॉकेटमधले व्होल्ट मोजावेत, तेही यंत्र चालू असताना आणि वायरमनकडूनच. एरवी चांगला दिसणारा दाब भार पडल्यावर कोसळतो.

ड्रायर सुरू झाला, पण बोअरच्या पाण्यात धुतलेल्या दिवशी दुपटी कडक, पापडासारखी निघू लागली. ड्रममध्ये पोलादाच्या दोन पट्ट्या असतात. ओलं कापड दोन्हींना टेकलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो, आणि तो थांबत आला की कपडे वाळले असं यंत्र समजतं. प्रवाह वाहतो तो मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळं. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव येतं, आणि बोअरचं पाणी मचूळ. कापड वाळत आलं तरी त्यात उरलेला खारा ओलावा वीज वाहून नेतो, म्हणून यंत्राला ते अजून ओलं वाटतं आणि ते तापवत राहतं. काही ड्रायरमध्ये पाण्याच्या वाहकतेप्रमाणे हे जुळवून घ्यायची सोय असते, पुस्तिकेत शोधावी. आमच्यात ती नाही. मग शेवटची खळखळ नळाच्या पाण्यात काढायची, पट्ट्या पंधरवड्यातून एकदा व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, आणि बोअरचंच पाणी वापरावं लागलं तर आपोआप थांबणारा कार्यक्रम सोडून वेळ लावून चालवायचा, असं आम्ही करतो. चाळीस मिनिटांत दुपटी मऊ निघतात. मागच्या झाकणाच्या फटीला आता बारीक लोखंडी जाळी आहे.