मनातल्या मनात चालताना घड्याळ लावा

खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ज्येष्ठांच्या पडण्याचा धोका जोखण्यासाठी फिजिओथेरपिस्ट ही ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी घेतात. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका आहे असं धरतात. हीच चाचणी बसल्या जागी, नुसती मनात करायला सांगितली, की बरेच ज्येष्ठ प्रत्यक्षापेक्षा खूप आधी ‘बसलो’ म्हणतात. शरीर मंदावलेलं असतं, मनातली चाल मात्र जुन्याच वेगाची.

हालचाल मनातच करून पाहण्याच्या, म्हणजे कल्पनेतल्या सरावाचं खरं काम ही तफावत कमी करण्याचं. चालण्याची नीट कल्पना केली तरी मेंदूतले हालचाल आखणारे भाग कामाला लागतात.

सराव पाठ टेकून, बसूनच करावा. उभ्याने डोळे मिटले तर तोल सांभाळायला नजरेची मदत मिळत नाही. एकच हालचाल निवडा, समजा, रात्री पलंगावरून उठून बाथरूमला जाणं. आधी कुणाला तरी सोबत घेऊन ती खरोखर करा आणि वेळ मोजा. मग बसून, डोळे मिटून तीच मनात करा, तेव्हाही वेळ मोजा: कडेला मिनिटभर बसणं (एकदम उठलं तर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते), पावलं मागे घेणं, पुढे झुकणं, मांड्यांवर येणारा भार, थंड फरशी, उंबऱ्यावरून उचललेलं पाऊल. चार-पाच वेळा मनात, मग एकदा प्रत्यक्ष. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मन थकलं की चित्र पळायला लागतं.

चुकतं ते बहुधा वळणावर. मनात माणूस झर्रकन वळतो किंवा वळणच गाळतो, आणि तोल जातो तो नेमका तिथेच. म्हणून एका पायावर गिरकी न घेता छोटी-छोटी पावलं टाकत वळायचं, तेही मोजून. वेळ तरी जुळत नसेल तर मनातलं प्रत्येक पाऊल मोठ्याने सांगा. दुसरी चूक म्हणजे स्वतःला टीव्हीवर पाहावं तसं बाहेरून पाहणं. पावलाखालची जमीन जाणवली पाहिजे.

या सरावाने पायांत ताकद येत नाही. तोल आणि ताकदीचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटतं. कल्पनेचा सराव त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. फक्त पाय प्लास्टरमध्ये असेल, तेव्हा तो एकटाही चालवून घ्यावा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो सहसा झेपत नाही, आणि वारंवार चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.