टेट्रा सहा चालतात, मग डॅमसेल सहा का नाही?

कोथरूडपासून वाकडपर्यंत गोड्या पाण्याची टाकी वर्षानुवर्षं उत्तम सांभाळणारी मंडळी आहेत. तीच खाऱ्या पाण्याकडे वळली की पहिल्याच खरेदीत घोळ घालतात. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला चक्कर होते आणि एकाच जातीचे सहा निळे डॅमसेल (प्रवाळ खडकावरचे छोटे मासे) पिशवीतून घरी येतात. निऑन टेट्रा नाही का सहा-आठ घेत, तसेच! काही महिन्यांत टाकीत एकच डॅमसेल उरतो, चांगला धष्टपुष्ट, आणि मालक ‘पाणी बिघडलं असणार’ म्हणत टेस्ट किट काढून बसतात. पाणी ठणठणीत असतं.

गोड्या पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. टेट्रा, रासबोरा कळपाने ठेवायचे, एंजलच्या तोंडात मावेल ते त्याच्याजवळ सोडायचं नाही, टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात. मीठ, आरओचं पाणी, हायड्रोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) 1.025, उन्हाळ्यात चिलर हे फरक कुठलाही दुकानदार पाच मिनिटांत सांगतो. तिथे कोणी फसत नाही.

फसतात ते शेजाराच्या बाबतीत. टेट्रा नदीत थव्याने फिरतो. राखायला त्याच्याकडे फारसं काही नसतं, घोळक्यात राहिला की जीव वाचतो. प्रवाळ खडकावरच्या बहुतेक माशांना मात्र एक कपार असते, खाण्याचा एक पट्टा असतो, आणि ते राखण्यातच दिवस जातो. मग वैरी कोण? ज्याला तीच कपार आणि तेच खाणं हवं तो. म्हणजे आधी स्वतःच्या जातीचा, मग तशाच अंगाचा, तशाच रंगाचा. समुद्रात हरलेला मासा थोडा लांब पळाला की प्रकरण मिटतं. चार फुटी टाकीत त्याला काच आडवी येते, त्यामुळे पाठलाग संपतच नाही. शेपटी फाटते, खाणं सुटतं, आणि एक दिवस तो खडकामागे मेलेला सापडतो.

डॅमसेलच्याच कुळातल्या हिरव्या क्रोमिसच्या थव्याचे फोटो बघून तर अजिबात भुलू नका. समुद्रात ते शेकड्यांनी असतात, तिथे मार सगळ्यांत वाटला जातो. घरी सहा आणले की सर्वांत दुबळा आधी जातो, मग त्याच्या वरचा. आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्यांना यातलं अर्धं माहीत असतं, पण त्यांचा ‘टाकी भरून टाका, भांडण पांगतं’ हा उपाय इथे नको. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

तेव्हा एकमेकांशी काही देणं-घेणं नसलेले मासे निवडा. वर पाण्यात क्लाउनफिशची जोडी, कपारीत एक रॉयल ग्रामा, खडक खरवडणारा एक लॉनमोअर ब्लेनी, वाळूवर एक वॉचमन गोबी आणि त्याच्या बिळात पिस्तूल कोळंबी. ही शेवटची जोडी मला सगळ्यात आवडते: कोळंबीला धड दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि बाहेर आली की तिची एक मिशी त्याच्या अंगाला लागलेली असते. क्लाउन मात्र दोनच, एक लहान, एक थोडा मोठा. सगळे नर म्हणूनच वाढतात, वरचढ ठरतो तो मादी होतो, आणि तिसऱ्याला दोघं मिळून हाकलतात. ड्वार्फ एंजल टाकीत एकच. टँग माशाच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असतो, त्यामुळे सारख्या अंगाचे दोन टँग मला मोठ्या टाकीतही बघवत नाहीत. ग्रामा म्हणून रॉयल डॉटीबॅक गळ्यात पडणार नाही एवढं बघा. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू विरतो, डॉटीबॅकचा एकदम रेघ मारल्यासारखा तुटतो, आणि तो महा भांडखोर असतो.

‘रीफ सेफ’चा (प्रवाळाच्या टाकीत चालेल असा) शिक्का फक्त कोरलपुरता, म्हणजे प्रवाळापुरता. लायनफिश कोरलला तोंड लावत नाही, लहान मासे आणि कोळंबी मात्र गिळतो. कोणी समुद्रघोडा देऊ केला तर सरळ नाही म्हणा, 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि ‘आधी डॅमसेल सोडा, टाकी सायकल होईल’ (म्हणजे पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजतील) हा सल्ला देणाऱ्या दुकानदारांपुढे मी हात टेकले आहेत. अहो, मासळी बाजारातली एक कोळंबी टाकीत कुजवली तरी सायकल होते! डॅमसेलचं वागणं जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखं: आधी येऊन बसला की नव्या माणसाला जिन्याखालची जागासुद्धा देत नाही. म्हणून भित्रे मासे आधी, दांडगे शेवटी. डॅमसेल आधीच सोडला असेल तर जाळी घेऊन त्याच्यामागे लागू नका, तो कपारीतून हाती लागत नाही. अख्खा खडक बाहेर काढा, डॅमसेलला काही दिवस वेगळ्या डब्यात फिल्टर लावून ठेवा, खडक नव्याने रचा, बाकीचे मासे सोडून रुळू द्या, आणि मग त्याला परत सोडा. किंवा दुकानात परत द्या. मी तेच करीन.